जुना प्रोसेसर, नवे ग्राफिक्स कार्ड: अडते कुठे आणि किती

नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार सुरू झाला की एक शंका हमखास येते: आपला पाच-सात वर्षांपूर्वीचा प्रोसेसर या कार्डाला पुरा पडेल का, की कार्डाची निम्मी ताकद वाया जाईल? या शंकेला बहुतेक वेळा जोड्या लावून उत्तर दिले जाते. अमुक प्रोसेसरबरोबर अमुक कार्डापर्यंतच जावे, त्यापुढे जाऊ नये, असे तक्ते सर्वत्र फिरत असतात आणि दोन्ही भागांची नावे भरली की ‘इतके टक्के बॉटलनेक’ (म्हणजे अडथळा) असा आकडा काढून देणारी साधनेही आहेत. हा आकडा निरर्थक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका गेममध्ये एकमेकांना चोख साथ देतात, दुसऱ्यात प्रोसेसर मागे पडतो, तिसऱ्यात कार्ड मागे पडते, आणि कधी कधी तर एकाच गेममध्ये पात्र घरातून गजबजलेल्या रस्त्यावर आले की पारडे फिरते. प्रोसेसर कार्डाला अडवतो हे खरे आहे, पण तो अडवतो ते सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेमच्या संख्येला. चित्राच्या दर्जाला तो सहसा अडवत नाही. हा भेद नीट लक्षात आला, तर आपल्या संगणकापुरते उत्तर कार्ड विकत घेण्याच्या आधीच मोजून काढता येते.

एका फ्रेममागचे काम

गेम चालू असताना पडद्यावर येणारे प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, दोन टप्प्यांत तयार होते. आधी प्रोसेसर गेममधल्या जगाची स्थिती ठरवतो: खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले, गोळी कुठे लागली, गर्दीतले प्रत्येक पात्र पुढचे पाऊल कुठे टाकणार, कोसळणाऱ्या भिंतीचे तुकडे कसे उडणार, कोणता आवाज कुठून ऐकू येणार. त्यानंतर कॅमेऱ्यातून काय दिसते आणि काय आडोशाला आहे याची छाननी करून, जे दिसते ते कसे रेखाटायचे याच्या आज्ञा तो ग्राफिक्स ड्रायव्हरमार्फत कार्डाकडे पाठवतो. या आज्ञांना ड्रॉ कॉल म्हणतात आणि मोठ्या दृश्यात एकेका फ्रेमसाठी त्या हजारोंनी असतात. मग कार्डाचे काम सुरू होते. आकृत्यांचे त्रिकोण जागच्या जागी बसवायचे, प्रत्येक पिक्सेलचा रंग, उजेड, सावली आणि प्रतिबिंब यांचा हिशेब करायचा आणि तयार झालेले चित्र मॉनिटरकडे द्यायचे, हे सगळे त्याच्याकडे असते.

हे दोन टप्पे एकमेकांसाठी खोळंबून चालत नाहीत. कार्ड एक फ्रेम रंगवत असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो, त्यामुळे दोघांच्या वेळेची बेरीज करायची नसते. दोघांपैकी ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या गतीने फ्रेम बाहेर पडतात. समजा, एखाद्या दृश्यात प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीसाठी ११ मिलीसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला ती रंगवायला २० मिलीसेकंद लागतात. मग सेकंदाला ५० फ्रेम मिळतील आणि प्रोसेसर प्रत्येक फ्रेममागे ९ मिलीसेकंद रिकामा बसेल. आता कार्ड बदलले आणि नवे कार्ड तेच चित्र ८ मिलीसेकंदांत रंगवू लागले. नुसत्या कार्डाच्या हिशेबाने सेकंदाला १२५ फ्रेम यायला हव्यात, पण प्रत्यक्षात ९० च्या आसपास येतील, कारण आता ११ मिलीसेकंद घेणारा प्रोसेसर मागे पडला. प्रोसेसरने कार्ड अडवले असे ज्याला म्हणतात ते हेच. मात्र याच हिशेबात ५० वरून ९० वर गेलेली गतीही आहे आणि अडवणुकीची चर्चा करताना नेमकी तीच विसरली जाते.

शिवाय हे ९० पुरेसे आहेत की नाहीत, हे समोरच्या मॉनिटरवर आणि खेळणाऱ्याच्या अपेक्षेवर ठरते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरला दर १६.७ मिलीसेकंदांनी एक फ्रेम मिळाली की झाले. ११ मिलीसेकंदांत तयारी उरकणारा प्रोसेसर तिथे अडथळा ठरतच नाही. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर मात्र प्रत्येक फ्रेमसाठी ६.९ मिलीसेकंदच मिळतात आणि तोच प्रोसेसर तिथे उघडपणे तोकडा पडतो. म्हणून ‘हा प्रोसेसर या कार्डाला चालेल का’ असे विचारण्यापेक्षा ‘मी खेळतो त्या गेममध्ये हा प्रोसेसर सेकंदाला किती फ्रेम तयार करू शकतो आणि मला किती हव्या आहेत’ असे विचारलेले बरे. या प्रश्नात कार्डाचे नाव येत नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

रिझोल्यूशन वाढले की कोणाचे काम वाढते

छापखान्याचे उदाहरण घेऊ. लेखकाने एक पान मजकूर लिहिला आणि तो छोट्या कागदाऐवजी चौपट मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापायचा ठरवला, तर शाई जास्त लागेल, यंत्र जास्त वेळ चालेल, पण लेखकाचे काम जराही वाढणार नाही. प्रोसेसर आणि कार्ड यांचे नाते रिझोल्यूशनच्या बाबतीत असेच आहे. १९२० × १०८० (१०८०पी) या रिझोल्यूशनला एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० (१४४०पी) ला सुमारे ३६.९ लाख आणि ३८४० × २१६० ला, म्हणजे ज्याला ४के म्हणतात त्याला, सुमारे ८२.९ लाख. १०८०पी वरून ४के वर जाताना कार्डाला चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. गर्दीतली माणसे, उडणारे तुकडे आणि ड्रॉ कॉल मात्र जवळपास तेवढेच राहतात, म्हणून प्रोसेसरचा वेळही जवळपास तेवढाच राहतो. पडद्याचा आकार आडवा वाढला आणि दृश्यात बाजूच्या आणखी वस्तू आल्या, तरच त्याचे काम थोडे वाढते.

प्रोसेसरच्या परीक्षणांत १०८०पी चे आकडे का दिले जातात, हे यावरून कळते. तिथे कार्डावरचा भार मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे प्रोसेसरांतला फरक उघडा पडतो. तेच परीक्षण ४के ला केले, तर जुने-नवे प्रोसेसर बहुतेक गेममध्ये एकाच रांगेत दिसतात, कारण सगळेच कार्डाची वाट पाहत असतात. ४के ला ६० फ्रेमवर समाधान मानणाऱ्याला आणि १०८०पी ला २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्याला एकच सल्ला देता येत नाही, मग त्या दोघांचे कार्ड एकच असले तरी.

सेटिंगच्या यादीतल्या काही गोष्टी मात्र थेट प्रोसेसरवर येतात. किती लांबपर्यंतच्या वस्तू दाखवायच्या, रस्त्यावर किती गर्दी ठेवायची, भौतिक हालचालींचा हिशेब किती बारकाईने करायचा, या सेटिंग वाढवल्या की प्रोसेसरचे मिलीसेकंद वाढतात. सावल्यांचा भार दोघांवरही पडतो, कारण सावली टाकणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी वेगळ्या आज्ञा पाठवाव्या लागतात. सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या घनतेची सेटिंग वेगळी दिलेली आहे, ती याच कारणासाठी. रे ट्रेसिंगबद्दल, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या काढण्याच्या तंत्राबद्दल, अनेकांचा गैरसमज असतो की ते निव्वळ कार्डाचे काम आहे. किरण कशावर आदळला हे शोधण्यासाठी दृश्यातल्या वस्तूंची एक वेगळी रचना सतत अद्ययावत ठेवावी लागते आणि तिच्या व्यवस्थेचा काही भार प्रोसेसरवर येतो. शिवाय आरशात किंवा काचेत दिसू शकणाऱ्या पाठीमागच्या वस्तू कॅमेऱ्याबाहेर आहेत म्हणून गाळून टाकता येत नाहीत. त्यामुळे नवे कार्ड बसवल्यावर हौसेने रे ट्रेसिंग सुरू केले आणि फ्रेम अपेक्षेपेक्षा खूपच कमी झाल्या, तर दोष कार्डाचाच असेल असे धरून चालू नये.

प्रोसेसर ‘जुना’ म्हणजे नेमका कशाने जुना

वयाच्या वर्षांवरून प्रोसेसरची गेममधली कुवत कळत नाही, तशी कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-विभागांच्या, संख्येवरूनही ती पूर्ण कळत नाही. एएमडीचा रायझन ५ १६०० हा २०१७ चा आणि रायझन ५ ५६०० हा २०२२ चा. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत. तरीही गेममध्ये दोघांत मोठे अंतर आहे, कारण नव्याचा प्रत्येक कोअर एका टिकटिकीत जास्त काम उरकतो, टिकटिकीही जास्त वेगाने होतात, आणि त्याची ३२ एमबी एल-३ कॅशे (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) सहाही कोअरना सामाईक आहे. जुन्यात ती १६ एमबी होती आणि तीही दोन भागांत विभागलेली. कॅशेचे महत्त्व पटवणारे याहून ठळक उदाहरण एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी चे आहे. त्याचे घड्याळ भावंड असलेल्या ५८००एक्स पेक्षा संथ होते, पण ९६ एमबी एल-३ कॅशेच्या जोरावर बहुतेक गेममध्ये तो त्याच्या पुढे गेला. गेमचा प्रोसेसरवरचा भार हा पुष्कळसा विखुरलेली माहिती शोधून आणण्याचा भार असतो, आणि ती माहिती रॅमपर्यंत न जाता हाताशी मिळाली तर वेळ वाचतो.

एकेका कोअरच्या वेगाला इतके महत्त्व असण्याचे कारण गेमच्या रचनेत आहे. गेमचे काम सगळ्या कोअरवर सारखे वाटता येत नाही. बटण दाबल्याचा परिणाम कळल्याशिवाय पात्राची जागा ठरत नाही, जागा ठरल्याशिवाय कॅमेरा ठरत नाही आणि कॅमेरा ठरल्याशिवाय काय रेखाटायचे हे ठरत नाही. ही साखळी बहुधा एका मुख्य थ्रेडवर चालते आणि बाकीचे थ्रेड तिला हातभार लावतात. गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेल्या डायरेक्टएक्स ११ या प्रणालीत तर ड्रॉ कॉल पाठवण्याचे कामही मोठ्या प्रमाणात एकाच थ्रेडवर पडत असे. २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने आणि २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कन या तशाच प्रणालीने ते अनेक कोअरवर वाटायची सोय केली, पण ती किती वापरायची हे प्रत्येक गेम बनवणाऱ्यावर सोडले.

याच रचनेमुळे टास्क मॅनेजरचा आकडा दिशाभूल करतो. आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण व्यापलेला असेल, तर एकूण वापर १२.५ टक्के दिसतो. त्यातही विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, म्हणून एकही कोअर पूर्ण भरलेला दिसत नाही. ‘माझा प्रोसेसर ४५ टक्केच वापरला जातो, म्हणजे अडथळा त्याचा नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. पाहायचा तो कार्डाचा वापर. फ्रेमवर कोणतीही मर्यादा लावलेली नसताना कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल, तर गती कार्डावर ठरते आहे. तो ६० किंवा ७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर कार्ड कोणाची तरी वाट पाहते आहे आणि तो कोणी तरी बहुतेक वेळा प्रोसेसर असतो.

गेल्या काही वर्षांत जुने प्रोसेसर एकाएकी थकल्यासारखे का वाटू लागले, याला एक ठोस कारण आहे. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलमध्ये आठ कोअर होते, पण ते मुळात कमी वीज खाणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी बेतलेले, अगदी दुबळे होते. कन्सोलवर चालायलाच हवे म्हणून त्या काळातले गेम प्रोसेसरकडून माफक मागणी करत, आणि म्हणून २०१३ चा चार कोअरचा चांगला प्रोसेसरही संगणकावर अनेक वर्षे टिकला. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स मध्ये एएमडीच्या झेन २ घडणीचे आठ कोअर आहेत. जुन्या कन्सोलचा आधार सोडून केवळ या यंत्रांसाठी गेम बनू लागले, तेव्हा प्रोसेसरची किमान गरज एकदम वर सरकली. त्यातही जो गेम कन्सोलवर प्रोसेसरच्या मर्यादेमुळे ३० फ्रेमवर चालतो, तो संगणकावर ६० ने चालवायचा तर प्रोसेसर त्याच्या दुप्पट वेगाचा लागतो. कार्ड कितीही मोठे घेतले तरी हे गणित बदलत नाही. ड्रॅगन्स डॉग्मा २ हा २०२४ चा गेम शहरात शिरल्यावर महागड्या कार्डावरही मंदावत होता, कारण तिथल्या प्रत्येक पात्राचा स्वतंत्र हिशेब प्रोसेसरला करावा लागत होता.

कार्ड घेण्याआधी करायचे मोजमाप

प्रोसेसरची कमाल गती मोजायला नवे कार्ड लागत नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. जुन्या कार्डावरच भार इतका कमी करायचा की ते आड येणार नाही. मग जो आकडा उरतो तो प्रोसेसरचा.

आपण सर्वांत जास्त खेळतो तो गेम सुरू करावा आणि त्यातली सर्वांत जड जागा निवडावी. गेमसोबत आलेली चाचणी-फेरी बहुधा सोयीची असते, पण ती अनेकदा निसर्गदृश्यांवरून फिरते आणि प्रोसेसरला घाम फोडत नाही, म्हणून बाजारपेठ, मोठी लढाई, वाढलेले शहर किंवा वेगाने गाडी चालवत ओलांडायचा भाग निवडावा. व्ही-सिंक (फ्रेमची गती मॉनिटरच्या गतीला बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करावी. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या जोडीचे रिव्हाट्यूनर, किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन, किंवा कॅपफ्रेमएक्स, यांपैकी काहीही वापरून फ्रेमची संख्या, फ्रेमचा वेळ आणि कार्डाचा वापर पडद्यावर आणावा. नेहमीच्या सेटिंगवर तोच रस्ता एकदा चालून आकडे लिहून ठेवावेत. मग फक्त रिझोल्यूशन खाली आणावे, १२८० × ७२० पर्यंत, आणि गेममध्ये रेंडर स्केलची, म्हणजे आतले रिझोल्यूशन बदलण्याची, सोय असेल तर तीही कमी करावी. चित्र अस्पष्ट दिसेल, ते दिसू द्यावे. गर्दी, अंतर, सावल्या यांच्या सेटिंगला मात्र हात लावू नये, कारण त्या बदलल्या की प्रोसेसरचे कामही बदलते आणि मोजमाप बिघडते. सगळे सेटिंग एकदम ‘लो’ वर नेणे ही या चाचणीत सर्रास होणारी गफलत आहे.

आता तोच रस्ता पुन्हा चालावा. फ्रेम ५५ वरून ५८ वर गेल्या आणि कार्डाचा वापर निम्म्यावर आला, तर प्रोसेसरची कमाल मर्यादा तिथेच आहे आणि या गेमसाठी नव्या कार्डावर खर्च करून गती वाढणार नाही. फ्रेम ५५ वरून ११० वर गेल्या, तर आपला प्रोसेसर ११० पर्यंत पोचू शकतो आणि नवे कार्ड त्या आकड्यापर्यंतचा रस्ता पूर्ण मोकळा करेल. कार्डाचा वापर अजूनही ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर मर्यादा अद्याप दिसलीच नाही. ती त्याहून वर कुठे तरी आहे. प्रेझेंटमॉनमध्ये २०२३ पासून कार्ड प्रत्यक्ष किती वेळ कामात होते, तो वेळ वेगळा दाखवला जातो. तो फ्रेमच्या एकूण वेळेइतकाच असेल तर मर्यादा कार्डाची आणि त्याहून बराच कमी असेल तर मर्यादा प्रोसेसरची, असे थेट वाचता येते.

सरासरीवर मात्र थांबू नये. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा तो सगळ्या फ्रेमना सारखाच कमी पडत नाही. दहा-बारा मिलीसेकंदांनी ओळीने फ्रेम येत असताना मध्येच नवा भाग लोड होतो, एखादा स्फोट होतो, आणि एक फ्रेम चाळीस मिलीसेकंद घेते. सरासरीत ती बुडून जाते, पण डोळ्याला हिसका जाणवतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेला ‘वन परसेंट लो’ हा आकडा म्हणूनच सरासरीइतका महत्त्वाचा आहे. सरासरी ९० आणि वन परसेंट लो ७० असेल तर खेळ गुळगुळीत वाटतो. सरासरी तीच ९० आणि वन परसेंट लो ३५ असेल तर अडखळतो. चार कोअर आणि चारच थ्रेड असलेल्या, उदाहरणार्थ २०१७ च्या कोअर आय५ ७६००के सारख्या प्रोसेसरवर नव्या गेममध्ये हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. सरासरी आकडा ठीक असतो, पण मुख्य थ्रेडसोबत लोडिंग, आवाज, ड्रायव्हर आणि पार्श्वभूमीवरचे कार्यक्रम यांना जागा उरत नाही.

या मोजमापाला दोन मर्यादा आहेत. जुन्या कार्डावर रे ट्रेसिंग चालत नसेल, तर त्याचा प्रोसेसरवर पडणारा वाढीव भार आधी कळणार नाही. दुसरे असे की ड्रायव्हरही प्रोसेसरवरच चालतो आणि प्रत्येक कंपनीच्या ड्रायव्हरचा भार वेगळा असतो. इंटेलचे आर्क बी५८० हे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आले, तेव्हा नव्या प्रोसेसरवर त्याची कामगिरी उत्तम दिसली, पण मध्यम आणि जुन्या प्रोसेसरवर ते अनेक गेममध्ये अपेक्षेपेक्षा बरेच मागे पडले. विशेष म्हणजे ते स्वस्त कार्ड होते आणि ते घेणाऱ्यांकडे जुना प्रोसेसर असण्याचीच शक्यता जास्त होती. कंपनी बदलून कार्ड घेताना त्याच पिढीच्या प्रोसेसरवर घेतलेली चाचणी शोधून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

प्रोसेसरच्या नावावर खपणारे इतर दोष

फ्रेम अडखळतात म्हणून प्रोसेसर बदलायला निघण्याआधी रॅमकडे पाहावे. दोन पट्ट्यांऐवजी एकच पट्टी लावलेली असेल, तर प्रोसेसरला रॅमपर्यंत जायचा मार्ग निम्माच मिळतो. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते, दोनमधून ५१.२ जीबी. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सोय, सुरू केलेली नसेल, तर चांगली रॅमही मूळच्या संथ वेगाने चालते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आठ जीबी रॅम भरून विंडोज डिस्ककडे वळू लागले की दिसणारे हिसकेही प्रोसेसरच्या हिसक्यांसारखेच असतात. अनेक वर्षे न उघडलेल्या संगणकात थर्मल पेस्ट सुकलेली आणि पंख्यात धूळ साठलेली असते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि मग आपण मोजतो ती त्याची खरी कुवत नसते. साफसफाई आणि नवी पेस्ट यांनी भरून निघणारी गोष्ट नव्या मदरबोर्डवर जाऊन सोडवणे हे चुकीचेच आहे.

जुन्या मदरबोर्डची आणखी एक अडचण आहे, ती पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड बोर्डला जोडणाऱ्या मार्गाची. तिसऱ्या आवृत्तीच्या सोळा लेनमधून सेकंदाला सुमारे १५.७५ जीबी माहिती जाते, चौथ्या आवृत्तीत याच्या दुप्पट. सोळा लेनचे कार्ड तिसऱ्या आवृत्तीवर लावले तर फरक सहसा किरकोळ असतो. पण अनेक मध्यम कार्डांना आठच लेन असतात, आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी ला तर चारच होत्या. त्यावर मेमरीही ४ जीबीच. ती भरली की माहिती या अरुंद वाटेने ये-जा करू लागते आणि जुन्या बोर्डवर त्या कार्डाची कामगिरी लक्षणीय घसरते. म्हणजे जुन्या संगणकासाठी कार्ड निवडताना त्याच्या लेनची संख्या आणि मेमरी दोन्ही पाहिली पाहिजेत. रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकाच वेळी हाताळू देणारी सुविधा बायोसमध्ये आहे का, हेही पाहावे. एनव्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांना ती नसली तरी बहुतांशी चालते, पण इंटेलची आर्क कार्डे तिच्याशिवाय घेऊच नयेत.

अपस्केलिंग आणि फ्रेम जनरेशन

डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस ही अपस्केलिंगची तंत्रे चित्र कमी रिझोल्यूशनवर रंगवून मग मोठे करतात. ४के ला ‘क्वालिटी’ निवडले तर आतले काम १४४०पी वर होते आणि ‘परफॉर्मन्स’ निवडले तर १०८०पी वर. कार्डाचा भार हलका होतो, प्रोसेसरचा नाही. म्हणून ४के चा मॉनिटर असला, तरी अपस्केलिंग लावल्यावर प्रोसेसरची निवड १०८०पी च्या चाचण्यांकडे पाहूनच करावी लागते. प्रोसेसरने आधीच अडवलेल्या गेममध्ये अपस्केलिंग आणखी खाली नेले, तर चित्र बिघडते आणि गती तिथेच राहते.

फ्रेम जनरेशनचा प्रकार उलटा आहे. २०२२ मध्ये डीएलएसएस ३ बरोबर आलेले हे तंत्र प्रोसेसरने तयार केलेल्या दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाकडूनच एक फ्रेम बनवून घालते. त्या फ्रेमसाठी गेमच्या जगाचा नवा हिशेब होत नाही, म्हणून प्रोसेसर अडलेला असतानाही पडद्यावरची हालचाल अधिक सलग दिसते. पण बटण दाबल्यावर प्रतिसाद मिळायचा तो मूळच्या फ्रेमच्या गतीनेच, किंबहुना किंचित उशिराने. मूळ गती ६० च्या पुढे असताना हे तंत्र संथ, निवांत गेममध्ये मला उपयोगी वाटते. ३० वर रखडणाऱ्या गेमला ते वाचवू शकत नाही, आणि फ्रेमचे हिसके तर ते झाकत नाहीच.

मग घ्यायचे काय

मोजमापातून आलेला आकडा आपल्या गरजेपेक्षा वर असेल, तर कार्ड निश्चिंतपणे घ्यावे, मग प्रोसेसर कितीही जुना असो. आकडा गरजेच्या थोडा खाली असेल, तर मदरबोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येतो का हे आधी तपासावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांना ही मुभा मोठी आहे. २०२२ मध्ये एएमडीने पहिल्या पिढीच्या ३०० मालिकेच्या बोर्डांवरही रायझन ५००० प्रोसेसरना पाठिंबा दिला, त्यामुळे २०१७ चा बोर्ड बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० चालवू शकतो, आणि हा बदल अनेक गेममध्ये नव्या कार्डाइतकाच जाणवतो. इंटेलचा बोर्ड साधारणपणे दोन-तीन पिढ्यांपुरताच उपयोगी पडतो, म्हणून तिथे बहुधा प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा तिहेरी खर्च धरावा लागतो.

चार थ्रेडच्या प्रोसेसरसाठी मात्र मी मोठे कार्ड घेण्याचा सल्ला देणार नाही. तिथे गतीचा प्रश्न आहेच, शिवाय विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. कार्ड नंतर नव्या संगणकात नेता येते, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण तो नवा संगणक वर्षभरात होणार असेल तरच. अन्यथा कार्ड पेटीत राहिल्यासारखेच आहे.

नवे कार्ड बसवल्यावर प्रोसेसर अडवतो असे दिसले, तर शिल्लक राहिलेली ताकद चित्रात घालावी. अपस्केलिंग बंद करून मूळ रिझोल्यूशनवर यावे, पोतांचा दर्जा आणि प्रतिमा गुळगुळीत करणारे फिल्टर वर न्यावेत. कार्डाचा वापर भरेपर्यंत यातल्या कशानेही फ्रेम कमी होत नाहीत. हिसके राहिले तर गर्दी आणि अंतराच्या सेटिंग एकेक पायरी खाली आणाव्यात आणि फ्रेमची मर्यादा सरासरीवर न ठेवता त्याच्या खाली, वन परसेंट लो च्या थोडी वर ठेवून पाहावी. ९० ते ५० मध्ये उड्या मारणाऱ्या गतीपेक्षा ६० वर बांधलेली गती हाताला आणि डोळ्याला कितीतरी बरी वाटते. मॉनिटर फ्रेमच्या गतीनुसार स्वतःची गती जुळवून घेणारा असेल, तर ही मर्यादा आणखी पाच-दहाने वर नेता येते.